सात मतं, एक तोंड

आमची भाची अकरावीत आहे. परवा तिनं विचारलं, "मामा, 'दार उघड' उलटं म्हणून दाखव." मी म्हणालो, "डघउ रदा." "चूक," ती म्हणाली. "शब्दांच्या जागा हलवायच्या नाहीत. आणि अक्षरं नाही उलटायची, आवाज उलटायचे. 'राद डघु'." मी दोनदा पुटपुटून पाहिलं. तिचं बरोबर होतं. मग 'प्रकाश' झालं. माझं 'शकाप्र', तिचं 'शाकर्प'. चहा निवून गेला तरी 'थांब'मधला अनुस्वार उलटल्यावर कुठे बसवायचा, यावर आमचं एकमत झालं नाही.

हे खूळ तिला झटाना झटारा या डीसी कंपनीच्या अमेरिकन कॉमिक्समधल्या जादूगारणीनं लावलं. झटाना मंत्र म्हणते तो प्रत्येक शब्द उलटा करून. रोमन लिपीत ते सोपं. अक्षरं सुटी सुटी, मागून वाचलं की झाला मंत्र तयार. देवनागरीत वेलांटी, मात्रा, जोडाक्षरं अशी सगळी वरात असते, तेव्हा आधी ठरवावं लागतं की उलटायचं काय. शिवाय आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही 'चिमा काय कामाची' आणि 'रामाला भाला मारा' ही वाक्यं पाठ असतात. माझ्या पद्धतीनं अक्षरं उलटली तर झटानाची पंचाईत व्हायची. साधं बोलणं आणि मंत्र यांत फरकच नाही. गप्पांच्या ओघात म्हटलं तरी बिचाऱ्या रामाला भाला. उलट्या शब्दात शक्ती असते ही कल्पना आपल्याला परकी नाहीच. वाल्या कोळी 'मरा मरा' म्हणत वाल्मीकी झाला. सोळाव्या शतकात गोदाकाठच्या पार्थपूरच्या सूर्य पंडितानं असं एक संस्कृत काव्य रचलं की सरळ वाचलं तर राम, उलट वाचलं तर कृष्ण. त्याच्यापुढे झटाना म्हणजे बालवाडी.

पण भाचीचा खरा प्रश्न वेगळाच होता. तिच्या हातात झटानाचं संकलन होतं आणि शेजारी माझ्या कपाटातले डॉक्टर स्ट्रेंजचे, म्हणजे मार्व्हल या दुसऱ्या कंपनीच्या जादूगाराचे, जाडजूड खंड. "ही एवढी भारी आहे," ती म्हणाली, "तर हिचं पुस्तक एवढं बारीक का?"

मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. हा लेख म्हणजे त्याची दुरुस्ती.

आधी हिशेब. डॉक्टर स्ट्रेंज १९६३ साली आला, झटाना १९६४ साली. म्हणजे वय जवळपास सारखंच. स्ट्रेंजच्या नावाच्या एकाच मालिकेचे १९७४ ते १९८७ या काळात ८१ अंक निघाले. पुढची १९८८ ते १९९६ चालली, तिचे ९०. बाकीच्या मालिका मी मोजतच नाही. झटानाचं काय? १९९३ साली चार अंक, २००५ साली चार, २०१०-११ मध्ये सोळा, २०२४ साली पाच, २०२५ साली सहा. एखाददुसरा विशेषांक आणि किशोरांसाठीची पुस्तकं बाजूला ठेवली तर २०२५ पर्यंतच्या साठ वर्षांत पस्तीस अंक. आणि त्यातला सलग असा तुकडा सोळाचाच.

"बायकांची कॉमिक्स खपत नाहीत" हे यावरचं तयार उत्तर. ते मला अर्धवट वाटतं. जे पुस्तक दर दहा वर्षांनी चार अंकांपुरतं काढायचं आणि बंद करायचं, ते खपत नाही असं कसं म्हणणार? रोप लावायचं, मुळं धरली का म्हणून दर आठवड्याला उपटून बघायचं, आणि मग म्हणायचं, या जातीला फळच धरत नाही. माझ्या मते खपाचा मुद्दा नंतरचा. त्याच्या आधीची गोष्ट अशी की जादू जाणणारी बाई हाताशी आली की तिचं काय करायचं, हे तिथल्या कथाकारांना फार काळ उमगलंच नाही. मग एकतर ती पाहुणी होते, नाहीतर आरोपी.

पाहुणी तर ती जन्मापासूनच. झटाना पहिल्यांदा दिसते ती 'हॉकमन' या दुसऱ्याच सुपरहिरोच्या मालिकेच्या चौथ्या अंकात, गार्डनर फॉक्सची कथा आणि मर्फी अँडरसनची चित्रं. तिचा बाप झटारा त्याआधीचा, १९३८ सालचा, 'ॲक्शन कॉमिक्स'च्या ज्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला त्यातच. झटारा हा मँड्रेकच्या वळणाचा: रेशमी टोपी, बारीक मिशी, अंगाला बेतलेला काळा कोट. मँड्रेक आपल्याकडे घरातलाच. मार्च १९६४ मध्ये मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं, पुढे मराठीतही आलं, आणि वेताळाबरोबर मँड्रेकही आमच्या उशाशी आला. त्याची नार्दा आठवते? सुंदर, राजकन्या, हुशार. तिच्या वाट्याला काय, तर संकटात सापडणं. मीही लहानपणी मँड्रेकच व्हायचो आणि बहिणीला नार्दा करायचो. तिनं एकदा सरळ सांगितलं, आज मी मँड्रेक. मी खेळ मोडला. आज तिचीच मुलगी मला हे प्रश्न विचारते आहे, यात काहीतरी न्याय असावा.

तर झटाना बापाला शोधायला निघते. हा शोध दोन-अडीच वर्षं चालतो, पण कुठे? हॉकमनच्या अंकात, मग ॲटमच्या, ग्रीन लँटर्नच्या, इलाँगेटेड मॅनच्या, आणि संपतो १९६७ साली जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या संघाच्या अंकात. तिचा बाप, तिचा शोध, आणि प्रत्येक वेळी मुखपृष्ठावर नाव दुसऱ्याचं. कल्पना झकासच होती. वेगवेगळ्या मासिकांतून एकच धागा खेळवणं तेव्हा नवं होतं. पण झटानाचा पत्ता तेव्हापासून जो 'द्वारा अमुक अमुक' असा झाला, तो पुढे बरीच वर्षं तसाच राहिला.

तिचा पोशाख नीट बघा. वर रेशमी टोपी, बो टाय, मागे शेपटा असलेला कोट. खाली जाळीदार मोजे आणि उंच टाचा. कंबरेच्या वर ती जादूगार आहे, कंबरेच्या खाली जादूगाराची सहायिका. अँडरसनला हे सुचलं तेव्हा त्यानं फार विचार केला असेल असं नाही. डोळ्यांना बरं दिसेल ते काढलं असेल. पण साठ वर्षांची सगळी भानगड त्या एका चित्रात आहे. रंगमंचावरच्या जादूत पेटीत शिरणारी, अंग चोरून बसणारी, करवतीखाली झोपणारी बाईच असते. कष्टाचा निम्मा भाग तिचा, टाळ्या टोपीवाल्याच्या. १९५६ साली पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात दीप्ती डे या सतरा वर्षांच्या सहायिकेला यांत्रिक करवतीनं 'कापलं', ती उठायच्या आत कार्यक्रम संपला, आणि मुलगी खरंच मेली असं वाटून लोकांनी बीबीसीचे फोन जाम केले. त्या प्रसंगानं सरकारांचं नाव युरोपभर झालं. दीप्ती डे हे नाव किती जणांना माहीत आहे? आपल्याकडे जादू घराण्यात चालते. पुण्याच्या जादूगार रघुवीरांची तीन पिढ्यांची परंपरा बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे आली. सरकारांच्या घरात नात मानेका सरकार स्वतः जादूगार म्हणून रंगमंचावर उभी राहिली. झटानाही तशीच, बापाच्या पेटीची वारस. फक्त तिला टोपी मिळाली ती जाळीदार मोज्यांच्या अटीवर.

आता आरोपीकडे येतो.

२००४ साली ब्रॅड मेल्टझर यांनी लिहिलेली, रॅग्ज मोरालेस यांनी चितारलेली 'आयडेंटिटी क्रायसिस' ही सात अंकांची मालिका निघाली. खूप गाजली, अजूनही गाजते. तिच्यात एक जुनी, दडवलेली गोष्ट उघड होते. डॉक्टर लाइट नावाच्या खलनायकानं इलाँगेटेड मॅनच्या बायकोवर, स्यू डिब्नीवर, बलात्कार केला. लीगचे लोक धावून आले, त्याला पकडलं. तो खदाखदा हसत होता, पुन्हा करीन म्हणत होता. तेव्हा त्या खोलीत जमलेल्यांनी ठरवायला घेतलं की नुसती आठवण पुसून भागणार नाही, याचं डोकंच बदलून टाकावं. आणि चक्क मतदान झालं. हॉकमन, ॲटम आणि झटाना बाजूनं. ग्रीन लँटर्न, ग्रीन ॲरो, ब्लॅक कॅनरी विरोधात. तीन-तीन. फ्लॅशनं आपलं मत 'करा' या बाजूला टाकलं. चार विरुद्ध तीन. मग झटानानं मंत्र म्हटला. तो चालू असताना बॅटमन तिथे पोचला, त्यानं विरोध केला, तर त्यालाही जागच्या जागी थिजवून त्याच्या आठवणीतली ती दहा मिनिटं पुसून टाकण्यात आली.

गोष्ट म्हणून हा प्रसंग जबरदस्त आहे, हे मी आधीच कबूल करतो. आपल्याकडे बहुमतानं झालेल्या अन्यायाची उदाहरणं काही कमी नाहीत, त्यामुळे ते पान वाचताना अंगावर काटा आला होता. पण त्यानंतरची वीस वर्षं बघा. मतं सात होती. विरोधात मत देणारे तिघेही त्याच खोलीत उभे होते, तेही गप्प बसले. तरी वाचकांच्या बोलण्यात, पुढच्या कथांत, बॅटमनच्या रागात नाव एकाच व्यक्तीचं: झटाना. 'हिनं मेंदू धुतले.' हॉकमन कुठे गेला? ॲटमला कुणी जाब विचारला? निर्णायक मत टाकणारा फ्लॅश तर हुतात्मा म्हणून पुजला गेला. सातांच्या ठरावावर बोललेलं तोंड एक होतं, म्हणून पाप त्या तोंडाचं. ग्रामपंचायतीनं ठराव करायचा आणि दवंडी देणाऱ्याला मारायचं, यातली गत. शिवाय ज्या बाईवर प्रसंग गुदरला त्या स्यूला त्या खोलीत मत होतं का? नव्हतं. ती सातांत नाहीच. आणि मालिका उघडते तीच स्यूच्या खुनानं.

पुढे तर मजाच झाली. २००६ साली 'कॅटवूमन'च्या पन्नासाव्या अंकात उघड झालं की कॅटवूमन चोरी सोडून सुधारली तीही झटानानंच तिच्या डोक्यात ढवळाढवळ केली म्हणून. एकदा दोषी ठरलं की दप्तरातली सगळी न उलगडलेली प्रकरणं त्याच आरोपीच्या नावावर चढवायची, ही पोलीस ठाण्यातली जुनी पद्धत. कॉमिक्सच्या संपादकांनाही ती ठाऊक असावी.

आता 'आयडेंटिटी क्रायसिस'च्याच वर्षी, २००४ साली, रस्त्यापलीकडच्या कंपनीत काय चाललं होतं? मार्व्हलची वांडा मॅक्सिमॉफ, स्कार्लेट विच. जन्म मार्च १९६४ चा, 'एक्स-मेन'च्या चौथ्या अंकात, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या हातून. सुरुवातीला खलनायकाच्या टोळीत, १९६५ पासून ॲव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या संघात. बोटांच्या एका हालचालीनं न घडणारी गोष्ट घडवायची, ही तिची शक्ती. पुढे तिचं व्हिजन या कृत्रिम मानवाशी लग्न झालं, जुळी मुलं झाली, आणि काही वर्षांनी दुसऱ्या लेखकानं ती मुलं मुळात खरी नव्हतीच असं ठरवून टाकलं. २००४ साली ब्रायन मायकल बेंडिस यांच्या कथेत त्या मुलांच्या दुःखानं वांडाचं डोकं फिरतं आणि ती आपल्याच ॲव्हेंजर्सना उद्ध्वस्त करते. व्हिजन, हॉकआय, अँट-मॅन मरतात. आणि शेवटी हे सगळं उलगडून सांगायला कोण येतं? डॉक्टर स्ट्रेंज. तो येतो, ती म्हणते तशी जादू अस्तित्वातच नाही असं निदान करतो, आणि वांडाला शांत करतो. पुढच्या वर्षी 'हाउस ऑफ एम'मध्ये ती तीन शब्द उच्चारते आणि जगातले बहुतेक म्यूटंट, म्हणजे जन्मतःच शक्ती लाभलेली माणसं, आपली शक्ती गमावून बसतात.

म्हणजे १९६४ साली जन्मलेल्या दोन जादूगारणी, दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, आणि २००४ या एकाच वर्षी दोघींचा निकाल. एक लोकांचे मेंदू पुसते, दुसरीचा स्वतःचा मेंदू जातो. कटबिट काही नव्हता. संपादकांनी एकमेकांना फोन केले असतील असंही नाही. कट असता तर परवडला असता. सवय कट करून येत नाही, म्हणून ती जास्त टिकते.

कुणी म्हणेल, पुरुषांचीही डोकी फिरतात की. फिरतात. हॅल जॉर्डन, ग्रीन लँटर्न. १९९३ साली त्याचं शहर बेचिराख झालं, १९९४ साली तो पिसाटला आणि त्यानं आपल्याच दलाचा नायनाट केला. दुःखातून वेड, वेडातून संहार. वांडाची कथा ती हीच. पण त्याची सुटका कशी झाली बघा. २००४ साली सुरू झालेल्या 'ग्रीन लँटर्न: रीबर्थ'मध्ये जेफ जॉन्स यांनी सांगितलं की ते हॅलनं केलंच नव्हतं. त्याच्या अंगात पॅरालॅक्स नावाचा, भीतीवर पोसलेला एक जीव शिरला होता. जीव काढला, हॅल कोरा करकरीत. पुन्हा अंगठी, पुन्हा मालिका, वर मानमरातब. पुरुषाला झपाटलेलं असतं. बाई मुळातच तशी असते. वांडालाही पुढे थोडी सूट मिळाली, तिच्या मागे डॉक्टर डूम या खलनायकाचा हात होता वगैरे, पण त्याला २०१२ उजाडलं, आणि तरीही 'म्यूटंटांची वैरीण' हा शिक्का लगेच पुसला गेला नाही.

इथे भाषेचाही हात आहे. मार्व्हलच्या विश्वात जादूचं सर्वोच्च पद असतं. ते परंपरेनं स्ट्रेंजचं. वांडाच्या नावातच 'विच' आहे. मराठीत याचं काय करणार? जादूगार म्हटलं की टोपीतून ससा काढणारा हसरा माणूस. मांत्रिक म्हटलं की भीती वाटते, पण लोक त्याच्याकडे दक्षिणा घेऊन जातात. बाईसाठी कोणता शब्द? 'जादूगारीण' मी या लेखात दामटतो आहे, पण रोजच्या बोलण्यात तो कोण वापरतं? जिभेवर आधी येते ती चेटकीण. मग हडळ, डाकीण. यांतल्या एकीकडेही कुणी दक्षिणा घेऊन जात नाही. आणि हे शब्द आपल्याकडे केवळ गोष्टीतले नाहीत. सातपुड्यात, नंदुरबारकडे, डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या, गावातून हाकलल्याच्या घटना अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं मांडल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर आठवड्याच्या आत जादूटोण्याविरुद्धचा वटहुकूम निघाला आणि वर्ष संपण्याआधी कायदा झाला. अमुक व्यक्ती करणी करते म्हणून तिला छळणं हा त्यानं गुन्हा ठरवला. न्यूयॉर्कमधल्या रंगीत पानांचा नंदुरबारशी संबंध जोडतो आहे असं कृपा करून समजू नका. तिकडे खऱ्या बाईचा जीव जातो, इकडे कागदावरच्या. पण गाय आटली, पोर दगावलं, की बाई शोधायची. आणि कंपनीला धक्कादायक कथा हवी असली की बाई शोधायची. यातली पहिली पायरी मला ओळखीची वाटते.

हो, मार्व्हलचं ते सर्वोच्च पद एका स्त्रीकडे गेलं, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. २०२२ साली क्लीआकडे. स्ट्रेंज मेल्यावर, त्याची बायको म्हणून. आपल्याकडे याला अनुकंपा तत्त्वावरची नेमणूक म्हणतात. काम तिनं चोख केलं, दहा अंक. मग स्ट्रेंज परत आला.

आता एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. झटाना काहीही करू शकते. म्हणाल ते, उलटं म्हटलं की झालं. मग गोष्टीत ताण कुठून आणायचा? सुपरमॅनला निदान हिरवा दगड आहे. कथाकाराची ही अडचण खरीच आहे. तिच्यावर तीन उपाय निघाले. पहिला, तिचं तोंड बांधा. झटानाच्या तोंडावर पट्टी असलेली चित्रं इतकी आहेत की तो एक वेगळा संग्रह होईल, आणि तो कुणीतरी आवडीनं जमवतही असेल, याचा मला त्रास होतो. दुसरा उपाय, तिला अपराधी करा म्हणजे ती स्वतःच जादू वापरायला कचरेल. तिसरा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी वापरलेला: जादूला नियम घाला, किंमत घाला, आणि बाईला तिच्या घरात राहू द्या.

पॉल डिनी यांना हा तिसरा रस्ता सापडला, कारण त्यांना झटाना मनापासून आवडते. (त्यांची पत्नी मिस्टी ली व्यवसायानं जादूगार आहे. घरात तालमी चालत असणार, फायदा होतच असेल.) २००७ साली 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मधल्या त्यांच्या दोन अंकांच्या कथेत जोकर झटानाच्या गळ्यात गोळी घालतो. तोंड बंद करण्याचा याहून पक्का प्रकार नाही. ती काय करते? स्वतःच्या रक्तानं उलटी अक्षरं लिहिते आणि स्वतःला बरं करते. मंत्र गळ्यात नसतो, भाषेत असतो. एवढ्या एका युक्तीनं डिनींनी चाळीस वर्षांच्या पट्ट्या सोडवल्या. त्याच कथेत तिचा आणि बॅटमनचा अबोलाही सुटतो. पण लक्षात घ्या, झटानाची माफी, तिचा पश्चात्ताप, सगळं घडतं ते बॅटमनच्या मासिकात. पाहुणी पाहुणीच.

ग्रँट मॉरिसन यांनी २००५ च्या चार अंकांत वेगळं केलं. तिथे झटाना आत्मविश्वास हरवलेल्या सुपरहिरोंच्या एका गटात खुर्चीवर बसून आपली हकिकत सांगते. शक्ती गेलेली, स्वतःवरचा विश्वास गेलेला. अपराध तिथेही आहे, पण तिचा तिनं ओढवून घेतलेला, तिच्या तोंडून सांगितलेला. मला अपराधी नायिका चालते. चालते काय, हवीच. चूक न करणारी माणसं गोष्टीत फार कंटाळवाणी. मात्र तिची चूक तिच्या पानांवर असावी, दुसऱ्याच्या दुःखाला फोडणी म्हणून नको.

मग २०१० ची ती सोळा अंकांची मालिका, बहुतांशी डिनींचीच. सॅन फ्रान्सिस्कोतले रंगमंचावरचे खेळ, रात्री ब्रदर नाइटसारख्या गुंडांशी झुंज, आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिला बाहुल्यांची वाटणारी भीती. जग हलवू शकणारी बाई, आणि लाकडी बाहुला दिसला की पाय लटपटतात. अर्धवटरावांवर लाड करत वाढलेल्या मराठी माणसाला हे जरा चमत्कारिक वाटेल. भाचीला मात्र लगेच पटलं. तिच्या मते अर्धवटरावही रात्री एकटे भेटले तर भीतीदायकच. यात मेंदू धुणं नाही, वेड नाही, मुलं हिरावणं नाही. भीती आहे, खोडकरपणा आहे, कामाचा कंटाळा आहे. नियमित घडणारं आयुष्य आहे.

सप्टेंबर २०११ मध्ये डीसीनं सगळी दुकानं एकदम बंद करून ५२ नव्या मालिका उघडल्या. त्या बावन्नांत झटानाची नव्हती. तिला 'जस्टिस लीग डार्क'मध्ये जागा मिळाली. म्हणजे परत द्वारा अमुक अमुक.

वांडाच्या बाबतीत आशा वाटावी असं एक वळण आलं. २०२३ पासून स्टीव्ह ऑर्लँडो यांनी तिला लॉटकिल नावाच्या गावात जादूच्या वस्तूंचं दुकान काढून दिलं. त्या दुकानाला एक दार आहे. ज्याला जगात कुठूनच मदत उरलेली नाही त्याला ते दिसतं आणि तो आत येतो. कल्पना साधी, जवळजवळ घरगुती. पण जिच्या शक्तीला वीस वर्षं सगळे घाबरत होते, तिच्याकडे आता लोक आपण होऊन येतात. दहा अंक झाले, मग पुन्हा नव्यानं दहा. झटानाचंही २०२४ साली मारिको तामाकी आणि हावियेर रॉड्रिगेझ यांचं पुस्तक आलं. त्यात ती लास व्हेगासमध्ये छोटे प्रयोग करत खऱ्या जादूपासून पळत असते. रॉड्रिगेझची पानं डोळ्यांचं पारणं फेडतात, पण स्वतःच्याच शक्तीला भ्यालेली बाई, हे सूर परत तेच. २०२५ चे सहा अंक जमाल कँपबेल यांनी लिहिले आणि चितारलेही एकट्यांनी. पाच, सहा. आकडे अजून एका हाताच्या बोटांवर येतात, फार तर दुसऱ्या हाताचा अंगठा लागतो.

भाचीनं संकलन एका बैठकीत संपवलं. शेवटच्या पानानंतर कोरा पुठ्ठा लागला तेव्हा तिनं पुस्तक उलटं करून पाहिलं, मग माझ्या कपाटातले खंड चाळले, मग मला हाक मारली. "मामा, सतरावा अंक कुठंय?"

"निघालाच नाही," मी म्हटलं.

"राद डघु," ती कपाटाला म्हणाली, आणि दोन मिनिटं खरंच वाट बघत उभी राहिली.